घाटोबा

धडगावला माणूस सहसा स्वतःहून येत नाही, त्याची इथे बदली होते. ऑर्डर हातात पडली की तो आधी नकाशा बघतो, मग बायकोचा चेहरा बघतो, आणि मग ती रद्द करून देणारं कोणी ओळखीत आहे का ते बघतो. त्यात कागदावर तालुका अक्राणी आणि मुक्काम धडगाव, त्यामुळे दोन ठिकाणी बदली झाल्यासारखं वाटून धास्ती दुप्पट होते. या नियमाला आम्ही एकच अपवाद पाहिला आहे. तो रजा टाकून येतो, पदरमोड करून येतो, सायकलवर येतो, आणि शहाद्याकडचा रस्ता उघडा असताना मुद्दाम तळोद्याकडून चांदसैली घाट चढून येतो. आम्ही त्याला घाटोबा म्हणतो.

घाटोबा म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. दिवाळी उलटली, पावसाने नेलेल्या रस्त्याला ठिगळं लागली, की त्यांचा हंगाम सुरू होतो. कधी पुण्याचा येतो, कधी नाशिकचा, एखादा जवळचाच धुळ्याचा. वय पंचेचाळीसच्या अलीकडे-पलीकडे. घराचं कर्ज फिटलेलं आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. त्यानं सल्ला इतका मनावर घेतला, की आता डॉक्टरच त्याला जरा बसायला सांगतात. अर्थात तो स्वतः डॉक्टर नसेल तर. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलने ओलांडण्याची शर्यत पुरी केली. 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच एकट्याने मारली. तेव्हापासून महाराष्ट्राच्या डॉक्टरवर्गात ही साथ पसरली आहे, आणि साथ आवरणारेच आजारी पडल्यावर इतरांनी जायचं कुठे?

त्याची सायकल कार्बनची असते, सात-आठ किलो वजनाची. किंमत तो आकड्यात सांगत नाही, 'थोडी जास्त आहे' म्हणतो. पण जीपवाल्यांना अशा गोष्टी लगेच कळतात. तेवढ्यात सेकंडहँड पिकअप येते हे त्यांनी मनातल्या मनात काढलेलं असतं, आणि पिकअपला चढावर पाय मारावे लागत नाहीत हेही. वजनाच्या बाबतीत तो काटेकोर आहे. बाटलीचा पिंजरा वीस ग्रॅमने हलका मिळाला म्हणून त्यानं तीन हजार रुपये घातले. वरचा ब्याऐंशी किलोचा मालक मात्र कधी हलका झाला नाही. त्याच्या बुटांच्या तळव्याला पेडलमध्ये अडकवायची खुंटी असते, त्यामुळे सायकलवरून उतरला की तो बाजारातून बदकासारखा चालतो. अंगाला चिकटलेले कपडे बघून म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावतात, आणि पोरं सरळ मागून चालत येतात.

पण घाटोबाची खरी ओळख पटते ती तो बोलायला लागल्यावर. शरीराने तो चांदसैलीत असतो, मनाने आल्प्समध्ये. आल्प द्युएझला एकवीस वळणं आहेत हे त्याला तोंडपाठ. तिथे खालच्या वळणाला एकवीस नंबर आणि वर जावं तसा नंबर उतरत जातो, प्रत्येक वळणावर फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीचा तिथला टप्पा जिंकलेल्यांच्या नावांची पाटी. तिथला पहिला विजेता कॉप्पी, साल 1952. स्टेल्व्हिओ खिंड 2757 मीटर उंच, तिच्या एका बाजूला अठ्ठेचाळीस वळणं. गालिबिए 2642 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक हजार मीटरचा डोंगर उभा करायचा आणि त्यावरून डांबरी रस्ता न्यायचा. हे सगळं तो ज्या तन्मयतेने सांगतो, ती बघून ऐकणाऱ्याला वाटतं की गडी दर उन्हाळ्यात तिकडेच असतो. विचारलं तर कळतं, पासपोर्टचं नूतनीकरण राहिलं आहे.

चांदसैलीच्या वळणांनाही त्यानं खालून नंबर दिले आहेत. आमच्या जीपवाल्यांकडे त्याच वळणांची नावं आहेत: मोहाचं वळण, ट्रक उलटला ते वळण, साहेब ओकले ते वळण. तिथल्यासारख्या पाट्या इथे का नसाव्यात, असं त्यानं एकदा कळवळून विचारलं. पाटी आहे की, एकानं सांगितलं, 'अपघाती वळण' लिहिलेली. तीही होती, आता दरडीबरोबर खाली गेली.

चढाला तो चढ म्हणत नाही, टक्के सांगतो. आता टक्के म्हटलं की धडगावात दोनच गोष्टी आठवतात, एक दहावीचा निकाल आणि दुसरं ठेकेदाराचं बिल. "वरच्या टप्प्यात बारा टक्के आहेत," असं तो चहाच्या टपरीवर घाम पुसत म्हणाला, तेव्हा बाकड्यावरचे एक निवृत्त ग्रामसेवक हळूच म्हणाले, "बाराच? म्हणजे काम चांगलं झालंय म्हणायचं."

घाटात त्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे लोकांची माणुसकी. चढावर धापा टाकत, मुंगीच्या वेगाने सरकणारा माणूस दिसला की आमच्याकडे गाडी थांबवायची पद्धत आहे. मागून येणारी प्रत्येक जीप थांबते. आत अठरा माणसं, दोन बकऱ्या आणि एक पत्र्याची पेटी असते, तरी ड्रायव्हर म्हणतो, "दादा, टाका सायकल टपावर, बसा." घाटोबा हसून नको म्हणतो. "पंक्चर झाली का?" नाही. "पैसे नाहीत का? राहू द्या पैसे." तरी नाही म्हटल्यावर अठरा माणसं त्याच्याकडे काळजीने बघत पुढे जातात. घरी काहीतरी बिनसलेलं असणार, असा निष्कर्ष पुढच्या वळणाच्या आत निघालेला असतो.

आणि मग ती बाई. प्रत्येक घाटोबाला ती भेटतेच. डोक्यावर सरपणाची मोळी, पायात काही नाही. ती रस्त्याने जात नाही, पायवाटेने सरळ वर निघते आणि दर वळणाला रस्ता आडवी ओलांडते. हा लांबून वळसा घालून, दात-ओठ खाऊन वर पोचावा तर ती समोरून शांतपणे पुढच्या पायवाटेला लागलेली. त्याच्या मनगटावर हृदयाचे ठोके एकशे बहात्तर. तिच्या मनगटावर गोंदण. माथ्यावर ती मोळी टेकवून बसलेली असते आणि हा आला की जरा सरकून त्याला जागा करून देते. ही हकिगत घाटोबा कोणाला सांगत नाही. मला ती मोळीवालीच्या पोरानं सांगितली, तो आमच्या आश्रमशाळेत सातवीला आहे.

तेलाचा किस्सा मात्र गावभर झाला. आमच्या तालुक्यात अस्तंबा शिखर आहे, तिथे दिवाळीत मोठी यात्रा भरते. भाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा याच डोंगरांत फिरतो आणि जखमेला लावायला तेल मागतो, ही श्रद्धा. असा हा मुलूख. तिथे एका संध्याकाळी अंधार पडता पडता एक उंचापुरा अनोळखी माणूस पाड्यावरच्या झोपडीसमोर उभा राहिला. कपाळावर पट्टी, तिच्यावर जळता लाल दिवा, गुडघ्यातून रक्त. आणि खोल आवाजात म्हणतो, "बाबा, थोडं तेल मिळेल का?" म्हातारबाबांनी हात जोडले, आत गेले, होतं तेवढं तेल वाटीत आणून पुढे ठेवलं. घाटोबानं ते गुडघ्याला न लावता सायकलच्या चेनला लावलं. म्हातारबाबा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग शेजाऱ्याला म्हणाले, काळ बदलला आहे, आता त्यांचीही गाडी असणार.

पायात गोळा आला की घाटोबा खिशातून छोटी पुडी काढतो आणि तिच्यातला गोड चिकट रस पिळून पितो. पुडी संपल्यावर एकदा एका घरच्या माउलीने त्याला आमचूर आणि मीठ घातलेलं पाणी दिलं. आमचूर ही तर धडगावची खासियत, उन्हाळ्यात घराघरापुढे कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या असतात. गोळा उतरला. घाटोबानं उतरल्या गोळ्यावर तिला पोटॅशियमवर वीस मिनिटं भाषण दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि आणखी एक पेला भरला.

घाट चढून आल्यावर खरं तर माणसानं पडावं. हा पडत नाही, आकडा बघतो. एकदा बसस्टँडपाशी त्याच्या यंत्रावर 99.4 किलोमीटर झाले होते. शंभराला सहाशे मीटर कमी घेऊन झोपणं या जमातीला शक्य नाही. त्यानं बसस्टँडभोवती फेऱ्या सुरू केल्या. पहिल्या फेरीला कोणी बघितलं नाही. दुसरीला कंट्रोलरनं चष्मा लावला. तिसरीला पोरं मागे धावायला लागली, चौथीला एकानं मोबाइलवर गाणं लावलं, आणि शंभर पुरे झाले तेव्हा टाळ्या कसल्या वाजल्या हे न कळूनही घाटोबा वाकून नमस्कार करता झाला. पुढचा अर्धा तास तो स्ट्राव्हा नावाच्या ॲपवर ही मजल चढवायला रेंज शोधत होता. रेंज शोधायला आम्ही सगळेच पाण्याच्या टाकीपाशी जातो, तोही तिथे आला. तेवढ्यापुरता तो धडगावकर झाला.

चांदसैलीबद्दल आमच्याकडे कोणी प्रेमाने बोलत नाही. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद, आजाऱ्याला बांबूला झोळी बांधून खांद्यावर न्यायचं. चढ जास्त आहे ही गोष्ट इथे तक्रारअर्जात लिहितात. तीच गोष्ट तोंडभरून हसत सांगणारा पहिला माणूस हाच. मला सुरुवातीला राग यायचा. पण त्याच्या शर्यतीच्या पुराणातली एक गोष्ट त्यानंच सांगितली, आणि माझा राग विरघळला. 1910 मध्ये फ्रान्सच्या त्या शर्यतीत पिरेनीज डोंगर घ्यायचे की नाही हे ठरवायचं होतं, म्हणून स्टीनेस नावाच्या गृहस्थांना तुर्माले खिंड तपासायला पाठवलं. गाडी बर्फात रुतली. ते रात्री अंधारात चालत निघाले, बर्फात घसरले, पलीकडच्या गावच्या लोकांनी त्यांना शोधून आणलं. सकाळी त्यांनी मुख्य कचेरीला तार केली: तुर्माले ओलांडली, रस्ता उत्तम, जायला काही हरकत नाही. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्याच खात्यातले निघाले! त्या साली शर्यत तिकडून गेलीच, आणि लापीझ नावाच्या सायकलपटूनं वाटेत संयोजकांना खुनी म्हणून शिव्या घातल्या. तीच शर्यत पुढे तोच जिंकला. सायकलला गिअर बदलायचं यंत्र लावायची परवानगी त्या शर्यतीत मिळायला मात्र 1937 उजाडलं.

घाटोबाही दर खेपेला तीच तार करतो. कोपर सोललेलं, दोन ट्यूबा फुटलेल्या, खड्ड्यात चाक वाकलेलं, आणि ग्रुपवर मजकूर: 'चांदसैली स्वर्ग! रस्ता एकदम मक्खन!' ते वाचून पुढच्या रविवारी आणखी सात-आठ जण येतात.

एकदा ते आले तेव्हा दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायच्या फेरीवर होते. या फेरीत वाटेतल्या ठिकाणी पोचल्याचा पुरावा लागतो, आणि एटीएमची पावती मिळेना, कारण एटीएममध्ये कागद नव्हता. मग सगळे टपरीवर गेले आणि चहाचं बिल मागायला लागले, त्यावर वेळ घालून. टपरीवाल्यानं जन्मात कधी बिल केलं नव्हतं. त्यानं पोराच्या वहीची पानं फाडून प्रत्येकाला 'चहा एक, पोहोचला, दहा वाजून वीस मिनिटं' असं लिहून दिलं, आणि जरा विचार करून खाली सहीही केली.

यंदा दिवाळीच्या आधीच टपरीवाला नंदुरबारला जाऊन तारीख फिरवायचा रबरी शिक्का करून घेऊन आला. चहा दहा रुपये, शिक्का पाच. घाई असली तर नुसता शिक्काही मिळतो.