मौजे ‘स्वामी’, तालुका पारनेर

(टेबलावर लाल फडक्यात बांधलेले दप्तर. गुरुजी टोपी सावरीत प्रवेश करतात.)

रसिकहो, उभी हयात मुलांकडून समानार्थी शब्द घोकून घेण्यात घालवलेल्या मास्तराने, निवृत्तीनंतर, थेऊरच्या त्या अल्पायुषी पेशव्याची कथा हाती घ्यावी, आणि मसलत, खलिता, तैनात, मुतालिक असल्या शब्दांचे लष्कर जरीपटका फडकवीत त्याच्यावर चालून यावे, याची तरतूद कोणत्याही सेवापुस्तिकेत नाही! रणजित देसाईंचा ‘स्वामी’ १९६२ सालचा. १९६४ साली साहित्य अकादमीने गौरवलेला. माझ्या हाती आलेल्या प्रतीत ‘मसलत’पाशी कुणा पूर्वसूरी वाचकाने पेन्सिलीने टीप दिली होती: ‘मसाल्याचा प्रकार?’ (थांबून) प्रश्नचिन्ह प्रामाणिक होते. आमच्या चुलतबंधूंच्या कोणत्याही कृतीत तेवढाही प्रामाणिकपणा मला आढळलेला नाही. त्यांच्याकडे येतोच.

पुण्याच्या एका विद्वानांना पृच्छा केली. त्यांचे उत्तर आले: “हे शब्द आता मृत आहेत.” मृत! ज्या निजामशाहीत मलिक अंबराने जमिनीची प्रत पाहून धारा बसवला, जिच्या किल्ल्यात १७९७च्या अखेरीस पकडलेले खुद्द नाना फडणीस डांबले गेले, तिच्या नगर जिल्ह्यात शब्द मरतात होय? इथे पाऊस मरतो, शब्द नाही!

घरी प्रयोग करून पाहिला. म्हटले, “आज भोजनाची काय तजवीज?” आतून हुकूम सुटला, “पिठलं. मुजरा करा आणि ताट घ्या.”

आता चुलतबंधू. हे गृहस्थ दरसाल नांगरट करताना आमचा बांध अशा नजाकतीने कोरतात की गणपतीच्या मूर्तिकारानेही शागिर्दी पत्करावी. मी लेखणी उचलली आणि सजावर जाऊन तलाठी भाऊसाहेबांपुढे अर्ज ठेवला:

(खड्या आवाजात) “विनंती ऐसीजे. मौजे मजकुरी आमचे चुलतबंधू यांनी दगाबाजीची मसलत करून आमचा मुलूख काबीज केला आहे. तरी स्वामींनी जासूद रवाना करून बंदोबस्त करावा. बहुत काय लिहिणे!”

मला वाटले, भाऊसाहेब हसतील. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, लाल पेन काढले.

(भाऊसाहेबांच्या संथ, नाकातल्या आवाजात) “‘मौजे मजकुरी’ बराबर आहे. ‘मुलूख’ काटा, गट नंबर टाका. जासूद आता मिळत न्हाईत. कोतवाल आहे, पण त्यो जेवायला गेलाय. आन् चतुःसीमा राहिली, गुरुजी!”

(टाळ्या ओसरेपर्यंत थांबून) दोनशे वर्षांपूर्वीचा शब्द दप्तराच्या खणातून चहाच्या डागासकट बाहेर येत होता. फेरफार, वहिवाट, हरकत... मी कादंबरीत टिपून ठेवावे, आणि भाऊसाहेबांनी जांभई देता देता उच्चारावे!

(आवाज खाली आणून) माझे वडील निरक्षर. ‘स्वामी’ त्यांना ठाऊक नव्हता. पण बहात्तरच्या दुष्काळात सारा तहकूब झाला की नाही हे विचारायला ते चावडीच्या पायरीवर दिवस दिवस बसून राहत. ‘सूट’ आणि ‘तहकुबी’ यांतला भेद, जो मला कोशात पाहावा लागला, तो त्यांना न आलेल्या पावसाने शिकवला होता. सूट मिळाली तर सारा गेला, तहकुबी मिळाली तर तो पुढल्या वर्षी दाराशी उभाच. आणि पुढल्या वर्षाचे काय, हे त्यांनी कधी कुणाला विचारले नाही...

(भाऊसाहेब) “गुरुजी, वडलांची वारस नोंद केली का?”

(दचकून) केलेली नाही, भाऊसाहेब.

“मंग बांध कोणाचा म्हनता?”

(दप्तर काखोटीला मारून) तरी रसिकहो, ‘स्वामी’ अवश्य वाचा. आमच्या चुलतबंधूंना मात्र तो कुणी वाचायला देऊ नका. ते उत्तरादाखल कैफियत लिहितील, आणि चतुःसीमेसकट लिहितील.