चढणीच्या माशास अनावृत पत्र

प्रति,
श्री. चढणीचा मासा,
मु. व्हाळ, मोरीच्या खालच्या अंगाला.

विषय : गावरस्त्यावरील मोरी पाडून नवी बांधण्याबाबत आपली हरकत मुदतीत प्राप्त न झाल्याबाबत.
संदर्भ : आपण न केलेला अर्ज.

महोदय,

स.न.वि.वि. आपल्या वाटेवरची दोन नळ्यांची मोरी आता निघणार. गेल्या पावसात तिची एक हेडवॉल कलली, भराव खचला, आणि एसटी फाट्यावरूनच परत फिरू लागली, तेव्हा प्रस्ताव झाला. नव्या मोरीला तीन नळ्या आहेत, तळाला आणि पुढे काँक्रीट आहे, आणि रस्ता मीटरभर उचलायचा आहे. लागतात त्या सगळ्या परवानग्या घेतल्या आहेत. आपली घेतलेली नाही. निदान कारण कळवावे, म्हणून हे पत्र.

सरकारला निसर्गाची पर्वा नाही असे व्हाळात कोणी बोलत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मोरीच्या कडेला एक जांभूळ आहे. त्याला कुऱ्हाड लावायची तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आडवा येतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, खैर, किंजळ आहेत, तसे जांभूळही आहे. जांभळाचा पंचनामा झाला, बुंध्याचा घेर टेपने मोजला गेला, खोडावर रंगाने नंबर पडला. आपल्यावर नंबर टाकायचा तर रंग टिकत नाही, ही तांत्रिक अडचण आपण समजून घ्याल.

पुढे मोजणीत कळले की पलीकडच्या अंगाची थोडी जमीन सातबाऱ्यावर वन म्हणून लागली आहे. कोकणात हे कोणाच्याही जमिनीचे होऊ शकते. पण वनहक्क कायदा, २००६ यात गावाच्या सोयीसाठी वाट ठेवलेली आहे : शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा कामांना एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे पडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. ग्रामसभा झाली. हात वर करून ठराव मंजूर झाला. आपल्याला हात नाहीत, हा काही ग्रामसेवकाचा दोष नव्हे.

आता आपला मुद्दा येतो, की झाडाला विचारले, जमिनीला विचारले, वाहत्या पाण्याला कोणी विचारले का? महोदय, विचारले असते. आपण चुकीच्या जागी राहता. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत रस्ते आहेत, पण ते महामार्ग. आपला रस्ता जिल्हा परिषदेचा. किनारा नियमन क्षेत्राचे नियम भरती-ओहोटीच्या पाण्याला लागतात, आणि ते पाणी कुठवर धरायचे त्याचेही माप आहे : वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात हजार भागांत पाच भाग क्षार. आपण गोडे. थोडे खारट असतात तर आपली फाईल थेट मुंबईपर्यंत गेली असती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याचे कलम २९ तर अगदी आपल्यासाठीच लिहिल्यासारखे आहे. अभयारण्यात येणारे किंवा तिथून बाहेर जाणारे पाणी वळवणे, अडवणे, वाढवणे यांपैकी काहीही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्यावाचून करता येत नाही. पण त्यासाठी आपल्या पूर्वजांनी अभयारण्याच्या हद्दीत अंडी घालायला हवी होती.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची आशा धरू नका. त्याचा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा निघाला. त्याला चिंता आहे ती खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज आणि मोठी बांधकामे यांची. मोरी त्याच्या नजरेत भरण्याइतकी मोठी नाही. दुर्मीळ प्राण्यांची नोंद करा असे काही प्रपत्रांत असते, तिथे तरी आपला उल्लेख करावा असे मनात आले होते. पण आपण दुर्मीळ नाही. कोणी आपल्याला मळ्या म्हणतो, कोणी खवळ, कोणी शिंगटी. रायगडात आपल्या सगळ्या जमातीलाच वलगणीचे मासे म्हणतात आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर बाजारात आपले वाटे लागतात. तेव्हा आधी दुर्मीळ होऊन मग अर्ज करावा.

आपण दरवर्षी हा खटाटोप का करता हे आम्हांला ठाऊक आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की खाडीकडचे, मोठ्या डोहातले आपण उलट्या धारेने वर निघता, व्हाळातून पाटात, पाटातून भाताच्या खाचरात. तिथे पाणी उथळ आणि कोमट, खायला भरपूर, गिळणारा मोठा मासा नाही. तिथे अंडी घालून आपण परत फिरता आणि भादव्याच्या सुमाराला पिल्ले उतरत्या पाण्याबरोबर खाली येतात. मोरीच्या आधीच्या जुन्या साकवाखालून ही ये-जा बिनबोभाट चालत होती, कारण साकवाखाली व्हाळ व्हाळच होता : दगड, वाळू, मुळे, आणि दगडाच्या आड दम खायला जागा.

नळीत दगड नाही. गुळगुळीत काँक्रीटमधून पाणी एका दमात सुटते, आणि वीतभर लांबीच्या पोहणाऱ्याने त्याच्या उलट सहा-सात मीटर एका दमात जायचे. पण त्याआधी तो नळीच्या तोंडाशीच अडतो. नळीतून पडणारे पाणी दर पावसाळ्यात खालची माती उकरते, तळ खोल जातो, आणि काही वर्षांत नळीचे तोंड पाण्याच्या हातभर वर लटकलेले दिसते. आपण खाली गोळा होता, उड्या मारता, पुन्हा पडता. रात्री बॅटरी आणि पागाचे जाळे घेऊन आलेल्या मंडळींना यासारखी सोय नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, कारण तो प्रजननाचा हंगाम. व्हाळात तोच हंगाम, आणि तिथे मोरी स्वतःच खोयणीचा सापळा लावून बसलेली.

तरीही आपण आजवर टिकलात, त्याचे श्रेय आमच्या चुकीच्या हिशेबाला आहे. मुंबई इलाख्यातल्या घाटमाथ्याच्या पुरासाठी क्लॉड इंग्लिस यांनी एक सूत्र बसवले होते. ते आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आहे. त्यात एका चौरस किलोमीटरचे पाणलोट घातले तर उत्तर सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर पाणी असे येते. मीटरभर व्यासाच्या दोन नळ्या, पाणी सेकंदाला तीन मीटर धावले तरी, पाच घनमीटरसुद्धा नेत नाहीत. लहान व्हाळांना दुसरी रीत वापरतात हे मान्य, पण कुठल्याही रीतीने दोन नळ्या अपुऱ्याच निघतात. उरलेले पाणी रस्त्यावरून जाते. आम्ही घरात अडकतो, शाळा बुडते, दूध नासते. आणि आपण तेवढ्या वेळात डांबरावरून सळसळत पलीकडे जाता. आपल्यासाठी आम्ही बांधलेला एकमेव जिना म्हणजे ही चूक.

नव्या प्रस्तावात ती दुरुस्त होते आहे. तीन नळ्या, वर उचललेला रस्ता, म्हणजे सहसा पाणी वरून जाणार नाही. गावाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या वाजवायलाच हव्या होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल माणसांसकट वाहून गेला. त्यानंतर रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याकडे कोकणात कोणी गमतीने पाहत नाही. भक्कम मोरी आम्हांला हवीच आहे. आपले दुर्दैव एवढेच, की ती आपल्या बाजूने भक्कम करायची रीतही आहे आणि तिला एकही जादा परवानगी लागत नाही.

ती रीत वापरतात त्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आपले दूरचे भाऊबंद, सामन मासे, असल्या मोऱ्यांवरून कोर्टात जिंकले आहेत. खरे तर जिंकल्या त्या तिथल्या मूळ रहिवासी जमाती. १८५४-५५ च्या करारांनी त्यांचा मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला होता. मोरी आडवी येऊन मासाच वर पोचत नसेल तर तो हक्क कसला, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यावरून २१ जमातींनी २००१ मध्ये राज्य सरकारला कोर्टात खेचले. २०१३ मध्ये मोऱ्या बदलण्याचा हुकूम झाला. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडली आणि खालचा हुकूम कायम राहिला. तिथे आता व्हाळाच्या पात्राहून रुंद मोरी घालतात, तळाशी खरे दगड-वाळू ठेवतात, आणि माशांच्या चढणीचा काळ सोडून पाण्यात काम करतात. आपल्याजवळ असा करार नाही. आपल्या बाजूने आहेत ते फक्त आपल्याला खाणारे.

तेव्हा मी आपला खाणारा म्हणून उपविभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला भेटलो. माणूस भला, स्वतः वलगणीच्या गावचा. नळ्यांऐवजी रुंद स्लॅबची मोरी घाला, तळाचे काँक्रीट काढा, व्हाळाचा तळ आहे तसा राहू द्या, असे मी म्हणालो. स्लॅब महाग पडत असेल तर नळ्याच हातभर खाली पुरा, म्हणजे आत वाळू-दगड आपोआप बसतील. त्याने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाला, होईल, यात अवघड काही नाही. मग म्हणाला, पण इस्टिमेटला तांत्रिक मान्यता झाली, टेंडर निघाले. आता नळी हातभर खाली न्यायची म्हणजे सुधारित इस्टिमेट, आणि सुधारणेचे कारण लिहावे लागते. कारणाच्या रकान्यात ‘मासा’ लिहिला तर वरून विचारणा होईल की कोणाचा मासा.

यावर त्याला एक तोड सुचवून आलो आहे. पुढची माती उकरली जाऊ नये, मोरी लवकर कलू नये म्हणून नळीची पातळी खाली घेतली, असे लिहायचे. ते खोटेही नाही. जुनी हेडवॉल कलली ती खालून उकरल्यामुळेच. आपले नाव कुठे येणार नाही, याबद्दल क्षमस्व.

कळावे,
आपला,
एक मासेखाऊ ग्रामस्थ

ता. क. : काम मृगाच्या आत पुरे करण्याची अट वर्क ऑर्डरमध्ये आहे, म्हणजे ते मृगात सुरू होईल. गाड्यांसाठी बाजूने कच्चा रस्ता काढतील, त्याचा मातीचा भराव व्हाळात आडवा पडेल, आणि त्याखाली एकच नळी असेल, तीही बहुधा अर्धी बुजलेली. यंदा शक्य असल्यास पलीकडच्या वाडीच्या व्हाळाने जावे. तिथे अजून साकव आहे. त्याचा प्रस्ताव पुढच्या वर्षी जाणार आहे.

प्रत माहितीसाठी : खेकडे व इतर रहिवासी, त्याच व्हाळात.