कापरेकर गुरुजी, आपला अर्ज नामंजूर!

प्रति,
श्री. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर,
निवृत्त शिक्षक, देवळाली.

विषय : प्राथमिक गटाच्या ‘गणित-भाषा समृद्धी वर्गा’त आपली नेमणूक करता येत नसल्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

पहिली ते चौथीच्या मुलांना गणिताची आणि भाषेची गोडी लावायला आम्हांला शिक्षक हवा होता. एका भाबड्या पालकाने आपलं नाव सुचवलं. आपण १९८६ सालीच निवर्तलात, ही काही अडचण नव्हे. आमच्या माहितीपत्रकावर रामानुजन आणि आइन्स्टाइन कित्येक वर्षं बिनपगारी राबताहेत. अडचण आपल्या शिकवण्यात आहे. पुन्हा कुणी असा अर्ज करू नये, म्हणून निवड समितीचा अभिप्राय जाहीरपणे कळवत आहोत.

आधी पात्रता. १९३० ते १९६२ आपण देवळालीत मास्तरकी केलीत आणि एवढ्या काळात एकही शाखा काढली नाहीत. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, पण त्याचा फ्लेक्स चौकात लागल्याची नोंद नाही. संख्यांवरच्या पुस्तिका आपण पदरमोड करून छापल्यात. लोक पुस्तिका विकून पदर भरतात, हे आपल्या कानावर आलं नसावं. इथले विद्वान आपल्या आकडेमोडीला पोरखेळ म्हणत राहिले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आपल्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव झालं. आमच्याकडे नाव आधी होतं, काम सवडीने.

तरीही नियमाप्रमाणे आपला एक नमुना पाठ घेतला. चौथीतल्या एका मुलीला सांगितलं, कुठलीही चार अंकी संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिने खिडकीतून दिसणाऱ्या रिक्षाचा नंबर घेतला, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले, मग चढत्या, आणि वजाबाकी केली. ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. त्याचंही तसंच. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढच्या खेपेलाही ६१७४च. “अडकला!” म्हणून ती ओरडली. मग शेजारच्याने वडिलांच्या स्कूटरचा नंबर घेतला, तोही तिथेच अडकला. जास्तीत जास्त सात पावलांत प्रत्येक संख्या ६१७४ ला येऊन टेकते, हे आपण १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं होतं. मुलांनी ते पुन्हा शोधलं आणि त्यांना वाटलं, शोध आपलाच.

इथेच आमचे आक्षेप सुरू होतात.

एक, त्या तासात मुलांनी हातच्याच्या एवढ्या वजाबाक्या केल्या, की आमचा महिन्याचा सराव-संच फुकट गेला. तोच संच आम्ही ‘लेव्हल तीन’ म्हणून विकतो. दोन, स्टॉपवॉच कुणी लावलंच नाही. आमच्याकडे अ‍ॅबॅकसच्या मुलाला पाच मिनिटांत किती बेरजा होतात, यावर ट्रॉफी मिळते. ६१७४ पर्यंत कोण आधी पोचलं, यावर काहीच मिळत नाही, कारण तिथे सगळेच पोचतात. सगळेच पोचले, तर पालक पैसे कशाचे देतील? तीन, त्या मुलीने विचारलं, “पण असं का होतं?” आमच्या प्रगतिपत्रकात ‘का’ला रकाना नाही. चार, एकाने मुद्दाम ११११ घेऊन पाहिलं, शून्य आलं आणि नियमात ‘अंक सारखे नकोत’ का म्हटलंय, ते त्याला न सांगता कळलं. शिक्षकाला न विचारता मुलं शिकू लागली, तर शिक्षकाची फी कुठल्या तोंडाने घ्यायची?

शिवाय आपली उदाहरणंही बाजारात चालण्याजोगी नाहीत. अंकांच्या बेरजेने ज्यांना नि:शेष भाग जातो, जसं अठराला नवाने, त्या संख्यांना आपण ‘हर्षद’ म्हटलंत. १९९२ च्या शेअर घोटाळ्यानंतर त्या नावाने पालकांचा हात खिशाकडे जातो खरा, पण खिसा दाबायला.

भाषा विषयासाठी आपल्याबरोबर अंमळनेरच्या साने गुरुजींचंही नाव आलं होतं. त्यांनाही निरोप द्यावा. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहीत. रोज! आमचे शिक्षक शेरासुद्धा रबरी शिक्क्याने मारतात. त्यांच्या ‘श्यामची आई’त एकेका रात्री एकेक गोष्ट सांगितली जाते आणि गोष्ट संपल्यावर खाली पाच प्रश्न नसतात. वर मुलं वाचताना रडतात. आमच्या अभिप्राय-पत्रात रडका चेहरा म्हणजे निम्मी फी परत. आम्ही ‘क्रिएटिव्ह रायटिंग’ घेतो, त्यात ‘माझी आई’ या विषयावरचे दहा तयार परिच्छेद देतो. मूल आपल्या आईनुसार त्यांतला एक निवडतं.

सरकारचं म्हणाल, तर २०२१ च्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्ट एवढंच, की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं. आमचं गिऱ्हाईक सीनियर केजीतच ऑलिंपियाडची चौकशी करतं. एखादं मूल घरी आजोबांकडून पावकी-दिडकी शिकलंय, रात्री मोठ्याने ‘किशोर’ मासिक वाचतंय, असं कळलं की आमच्या समुपदेशक ताई लगेच फोन करतात. घरातल्या मोठ्या माणसाने मुलाजवळ नुसतं अर्धा तास बसायचं, ही सवय वेळीच मोडली नाही, तर हा धंदा चालायचा नाही. आपण दोघे गुरुजी ती सवय लावता. आपल्यावरचा मुख्य ठपका तोच.

मात्र आपला मान ठेवायला आम्ही तयार आहोत. येत्या पारितोषिक वितरणाला आपली तसबीर व्यासपीठावर मधोमध असेल. हार आमचा, दोन मिनिटांचं गौरवपर भाषणही आमचंच. विनंती एकच, कुणी आपल्या आठवणीने मुलांना चार अंकी संख्या घ्यायला सांगू नये. सभागृह नऊ वाजता रिकामं करून द्यायचं असतं आणि ही मुलं एकदा सुरू झाली की उठत नाहीत.

कळावे,
आपला विश्वासू,
संचालक (शिक्षण व विक्री)