सगळे ॲडमिट, कबूल कोणीच नाही

डिसेंबरातली सकाळ, गोंदिया जिल्ह्यातलं एक धान खरेदी केंद्र. कोणतं ते राहू द्या. ट्रॉलीत धानाचे कट्टे, काट्यापाशी हमाल, टेबलामागे बाबू आणि टेबलापुढे सातबारा नि पासबुक छातीशी धरून एक म्हातारा. त्याच्यामागे मी.

बाबूने स्क्रीनकडे बघितलं. “बाबाजी, तुमची एंट्री मिस झाली.”

“कोनं केली मिस?”

“कोणी नाही. सिस्टीममधून झाली.”

“मंग त्या सिस्टीमले बलावा ना इथं.”

हमाल हसले. बाबू हसला नाही. “सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” म्हातारा कागद पिशवीत भरत म्हणाला, “मी चुकलो, असं म्हन ना बाबू. मी उद्याच काय, परवाबी येतो.”

बाबूने तेवढं सोडून सगळं म्हटलं. लिंक म्हटलं, पोर्टल म्हटलं, अपडेट म्हटलं. दोन अक्षरी ‘चूक’ काही त्याच्या तोंडून निघाली नाही.

माघार घ्यायला, हार मानायला, कबूल करायला इंग्रजीत शब्दांचं अख्खं दुकान आहे: ॲडमिट, कन्सीड, यील्ड, सरेंडर. आपण त्यातले बहुतेक उचलले, पण त्यांना भलत्याच कामाला लावलं. ‘ॲडमिट’चंच बघा. त्याचा एक अर्थ कबूल करणे. आपल्याकडे माणूस ॲडमिट होतो तो फक्त दवाखान्यात. उलट चौकशीची नोटीस आली, की कबूल करायची वेळ टळावी म्हणूनच बडी मंडळी ॲडमिट होतात. एकाच शब्दाने दोन्ही अर्थ इतक्या इमानाने सांभाळल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

‘यील्ड’ म्हणजे नमतं घेणं. तो शब्द कृषी खात्याच्या वाटेने बांधावर आला आणि तिथेच राहिला. “औंदा यील्ड किती?” म्हणजे एकरी धान किती झालं. नमतं घेणारा इथेही शेतकरीच, पण तो योगायोग समजा.

‘सरेंडर’ला मात्र आमच्या जिल्ह्यात खरा मान आहे. सालेकसा-देवरीकडच्या जंगलपट्टीत हा शब्द लेकरांनाही कळतो. नक्षलवाद्यांसाठीची राज्याची सरेंडर योजना २००५ पासूनची. पोलिसांच्या पत्रकात ‘आत्मसमर्पण’, पानठेल्यावर ‘सरेंडर’. नोव्हेंबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एमएमसी (महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड) झोनच्या प्रवक्त्यासह अकरा जणांनी गोंदियातच शस्त्रं खाली ठेवली. ज्यांच्या हातात बंदूक होती, त्यांनी सरेंडर केलं. ज्यांच्या हातात फाइल आहे, तेही करतात. दरवर्षी ३१ मार्चला. वर्षभर न खर्चलेला निधी त्या दिवशी ‘सरेंडर’ होतो, आणि सरकारी मराठीत तर ‘समर्पित’ होतो. रस्ता झाला नाही, शाळेचं छप्पर गळतंच आहे, पण निधी समर्पित! ऐकणाऱ्याला वाटावं, साहेबांनी तो देवाच्या पायाशी वाहिला.

राहिला ‘कन्सीड’. एवढ्या गाड्या हावडा-मुंबई मार्गाने येतात, पण हा शब्द गोंदिया जंक्शनवर कधी उतरलाच नाही. अमेरिकेत म्हणे हरलेला उमेदवार जिंकलेल्याला फोन करून आपली हार कळवतो. (तिथेही २०२० साली तो फोन काही लागला नाही.) आमच्याकडे हरलेला आधी ‘जनतेचा कौल मान्य’ म्हणतो, मग ‘पण’ म्हणतो, आणि ‘पण’नंतर अर्धा तास बोलतो. शेवटी तो ‘आत्मचिंतन’ करायला जातो. त्या चिंतनातून काय निघालं, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

भंडारा-गोंदिया मतदारसंघाला हरण्याची सवय नाही असंही नाही. २०१४ साली प्रफुल्ल पटेलांसारखा केंद्रात मंत्री राहिलेला नेता नाना पटोलेंकडून जवळपास दीड लाखाने हरला. पुढे पटोलेंनीच राजीनामा दिला आणि मे २०१८ मध्ये पोटनिवडणूक लागली. मतदानाच्या दिवशी मताची चिठ्ठी छापणारी व्हीव्हीपॅट यंत्रं अशी बंद पडली, की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. खापर उन्हावर फुटलं. मे महिन्यात गोंदियात ऊन असतं, हा शोध बहुधा तेव्हाच लागला. त्या साऱ्या गोंधळात यंत्र तेवढं सरळ वागलं. बिघडलं तर बिघडलं. ‘माझ्या छपाईचा विपर्यास केला’ असं ते म्हणालं नाही. शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलाचंही तसंच. जोडी मागे पडली की ‘टायमिंग मिस झालं’ हे मालक सांगतो. बैल खाली मान घालून कडबा खातो.

याच मुलखात, गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात होतं तेव्हा, १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. आज कोणत्याही चौकात विचारा. हरलेल्याचं नाव शेंबडं पोरही सांगेल, जिंकलेल्याचं शोधायला पुस्तक उघडावं लागतं. तरी आमच्या उमेदवारांना हरण्याचा एवढा धसका का, कळत नाही. अर्थात, त्यासाठी मुळात आंबेडकर असावं लागतं, ही अडचण आहेच.

खापर सगळं इंग्रजीवर फोडावं, तर तेही खरं नाही. आपली मराठी काही कमी चतुर नाही. आपण चूक करत नाही, ती ‘होते’. फार तर ‘माझ्याकडून’ होते, ‘हातून’ होते, ‘अनवधानाने’ होते. म्हणजे चूक आधीच निघालेली असते, वाटेत तिला आपला हात लागतो इतकंच. फरक एवढाच, की आपल्याकडे हार मानायची तर अंग मोडावं लागायचं. हात टेकायचे, पाठ टेकायची, नाक घासायचं, मान खाली घालायची. विंचू असाल तर नांगी टाकायची. ‘सॉरी’ला नुसते ओठ पुरतात. पायावर पाय पडला तरी सॉरी आणि पायावर गाडी गेली तरी सॉरीच.

त्यातल्या त्यात स्टेशनचा भोंगा बरा. गाडी तीन तास लेट असली, की तो मराठीत ‘आम्ही दिलगीर आहोत’ म्हणतो. इंग्रजीत मात्र गैरसोय ‘इज डीपली रिग्रेटेड’. कोण रिग्रेट करतंय, पत्ता नाही. मराठीतला तो ‘आम्ही’ इंग्रजीत जाताना रुळाखाली उतरतो. फलाटावर गाठोड्यावर बसलेल्या बायांना दोन्ही वाक्यांनी सारखाच फरक पडतो, हे सोडा.

आता एक घरचं. मागच्या सदरात मी लिहिलं होतं, की गोंदिया जिल्ह्यात सात तालुके आहेत. तिरोड्याहून एका वाचकाने फोन करून झापलं. संपादक म्हणाले, घाबरू नका, ‘प्रिंटिंग मिस्टेक’ म्हणून दोन ओळी छापून टाकू. छापणाऱ्याने बिचाऱ्याने मी लिहिलं तेच छापलं होतं. तालुके आठ आहेत. १ मे १९९९ ला जिल्हा झाला तेव्हापासून मी इथे राहतो, आणि तरी मी चुकलो.