जोश्यांचा राम फडात गेला, हो!

अहो, ऐकलंत का? कुणाला सांगू नका. म्हणजे सांगा, पण माझं नाव नको. आपल्या सोलापुरातल्या जोश्यांचा राम तमाशाच्या फडात गातोय! घर वेदशास्त्र्यांचं, थोरले बंधू मुद्गल कीर्तनकार आणि हा धोंडी शाहिराच्या डफामागे वेडा!

बातमी पेशवाईतली आहे, कबूल. पण शेंगाचटणी आणि भानगड, जितकी कांडाल तितकं तेल सुटतं.

भावानं त्याला घराबाहेर काढलं. स्वारी पंढरपूरला बाबा पाध्यांकडे संस्कृत शिकायला बसली. लोक म्हणाले, आला बाई ताळ्यावर! कसला ताळ्यावर? शास्त्र शिकून आला आणि पुन्हा डफ! वर लावणीत संस्कृत घुसवलं. मराठी, कानडी, हिंदुस्थानी, संस्कृत, सगळी एका रचनेत. आपल्या बाजारात दोन-तीन भाषांत घासाघीस चालते ते ठीक, पण देवभाषेला ढोलकीवर बसवायचं? शिव शिव! शिवाय कीर्तनही करणार. बारामतीचे मोरोपंत तरी कानावर हात ठेवतील म्हटलं, तर त्यांचीच कविता यानं कीर्तनातून गावोगाव नेली!

अशी माणसं सगळीकडेच. तिकडे अमेरिकेत स्क्रीमिन जे हॉकिन्स नावाचा ब्लूजवाला शवपेटीतून उठून गायला लागायचा, हातात कवटी लावलेली काठी! त्यालाही मुळात ऑपेरा गायचा होता म्हणे. शिकलेल्या गळ्याला फडाचीच ओढ, काय करणार!

आणि पुढची पिढी सुधारली म्हणता? १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' पडद्यावर आला. जयराम शिलेदार राम, हंसा वाडकर तमासगिरीण बया, लेखणी गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं. मग तमाशापटांची जी साथ पसरली! १९५९चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे तळ ठोकून होता. कानांवर ठेवलेले हात तिकिटासाठी खाली आले असतील, दुसरं काय? आता तर आम्हीच पाहुण्यांना ऐटीत सांगतो, 'रामजोशी आमच्या सोलापूरचे!'

परवा शेजारच्या पोरानं ढोलकी आणली. त्याच्या आईनं मला हाक मारली, 'काकू, तुम्हीच समजवा याला.' गेले तणतणत. तासाभरानं परतले ते बोटांनी पायरीच्या कठड्यावर ठेका धरूनच.

हे मात्र खरंच कुणाला सांगू नका.