चूक कोणाची पचते?

पिपरी मेघे वर्धा शहराला अगदी चिकटून, आणि नागपूरचं जामठा मैदान वर्धा रोडवर, म्हणजे आपल्याच वाटेवर. त्यामुळे मार्च २०२५ मध्ये विदर्भानं तिथे केरळला मागे टाकून रणजी करंडक घेतला, तेव्हा इथल्या पानठेल्यावर आनंद होताच. पण थोडी पंचाईतही होती. पहिल्या विजेतेपदाआधी साठ वर्षं लिंबूटिंबू म्हणून खेळलेल्यांना दादागिरी चटकन जमत नाही. मन सारखं केरळकडे धावायचं.

केरळ प्रथमच अंतिम फेरीत आलं होतं, तेही उपांत्यपूर्व सामन्यात एका धावेच्या आणि उपांत्य सामन्यात दोन धावांच्या आघाडीवर! अंतिम सामन्यात विदर्भ ३ बाद २४. पुढे दानिश मालेवारनं १५३ केल्या. करुण नायर तर ८६ वर चोरट्या धावेच्या नादात धावबाद झाला; पण तोवर दोघांनी २१५ जोडल्या होत्या. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर उंच फटका मारायला गेला आणि सापडला नायरच्याच हातात. डाव ३२४ वरून ३४२ वर आटोपला. विदर्भाच्या होत्या ३७९. सामना अनिर्णित, करंडक ३७ धावांच्या आघाडीवर आपला. दुसऱ्या डावात ३१ वर नायरचा झेल सुटला, तर गड्यानं १३५ केल्या!

"चुका त्यांनीबी केल्या, आपणबी केल्या. आपल्या पचल्या, बाप्पा," एक काका म्हणाले. शेतीतही तेच: बोंडअळीनं दहा एकरवाल्याचं एक वावर खाल्लं तर तो नुसत्या शिव्या देतो. दोन एकरवाल्याच्या पोराची फी बुडते. अळी तीच असते.

आदल्याच वर्षी वानखेडेवर, रणजीच्याच अंतिम सामन्यात, आपण दोन एकरवाले होतो. मुंबई ६ बाद १११ अशी घसरली, तरी शार्दूल ठाकूरनं ७५ ठोकून तिला २२४ वर नेलं. आपण घसरलो ते थेट १०५ वर थांबलो. मुंबईच्या चुका आठव्या-नवव्या क्रमांकापर्यंत निस्तरणारं कोणीतरी असतं. दुबळ्याच्या घरी तीच माणसं पुन्हा पुन्हा कामाला जुंपलेली.

जामठ्याच्या त्या सामन्यात केरळकडून ७९ काढणारा आदित्य सरवटे मात्र त्या मोसमाआधीपर्यंत विदर्भाचाच. त्याच्या धावा मनातल्या मनात कोणाच्या खात्यात धरायच्या, यावर ठेल्यावर अजून एकमत नाही.