पन्नाशीतला पुनर्वाचक

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकाची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून तिला दोन प्रकारचे वाचक लाभत आले आहेत : ज्यांनी ती लहानपणी वाचली ते, आणि ज्यांना ती लहानपणी वाचल्याचे आठवते ते. या दुसऱ्या वर्गातील जो वाचक वयाच्या पन्नाशीच्या सुमारास ती संपूर्ण स्वरूपात पुन्हा हाती घेतो, किंवा पुन्हा घेत आहोत अशा समजुतीने वस्तुतः प्रथमच घेतो, त्यास प्रस्तुत लेखात ‘पुनर्वाचक’ असे म्हटले आहे. हा वाचक एडिंबरापासून पुण्यापर्यंत सर्वत्र आढळतो. त्याने बालपणी जे वाचले ती संक्षिप्त आवृत्ती होती, म्हणजे चौतीस प्रकरणांचा ऐवज मोठ्या टायपात, चित्रांसह, शंभरेक पानांत बसवून त्यातील खून, रम आणि व्याकरण हे तिन्ही सौम्य केलेले पुस्तक होते. ही बाब तो विसरलेला असतो, आणि म्हणून मूळ संहितेत जे नवे दिसेल ते मागाहून कोणीतरी घुसडले असावे असा त्याचा पहिला संशय असतो.

संशयाची सुरुवात पायापासून होते. चाचा म्हटला की त्याला लाकडी पाय असायचाच, ही पुनर्वाचकाची बालपणापासूनची श्रद्धा असते, आणि लाँग जॉन सिल्व्हर हा कथेतील मुख्य चाचा तर जगातील सर्व लाकडी पायांचा मूळ मालक, असे तो गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात सिल्व्हरचा डावा पाय कमरेपाशीच कापलेला आहे, तो काखेत कुबडी घेऊन पाखरासारखा टुणटुणत चालतो, आणि लाकडी पाय लावलेला तो संपूर्ण कादंबरीत कोठेही दिसत नाही. या पात्राची मूळ प्रेरणा म्हणजे लेखकाचा मित्र, कवी डब्ल्यू. ई. हेन्ली, ज्याचा पाय हाडांच्या क्षयामुळे कापावा लागला होता, आणि तरीही ज्याचा आवाज व हास्य खोली दणाणून सोडत असे. ही माहिती टिपांमध्ये वाचून पुनर्वाचक काही काळ गंभीर होतो, परंतु लाकडी पायाचा शोध थांबवत नाही. तीच गत उच्चारांची. घशातून ‘अर्र’ असा घोगरा ध्वनी काढत बोलण्याची जी पद्धत आज जगभरच्या नाटकी चाच्यांनी उचलली आहे, तिचा मोठा पुरवठा १९५० च्या डिस्ने चित्रपटात सिल्व्हर साकारणाऱ्या रॉबर्ट न्यूटन या नटाने केला, कारण त्याने नैर्ऋत्य इंग्लंडची बोली भरपूर ताणून वापरली. पुनर्वाचक मात्र तो ध्वनी स्टीव्हन्सनच्या पानांत शोधतो आणि लेखकाला अस्सल चाचे ठाऊक नव्हते असा शेरा समासात लिहितो.

याच्या उलट, जे जे खरोखर या कादंबरीतून जगात पसरले, म्हणजे लाल फुल्यांचा नकाशा, खांद्यावरचा पोपट, बेटावर पुरलेला खजिना, ते ते पाहून तो कंटाळतो आणि ‘हे सगळे फार वापरून झालेले आहे’ अशी तक्रार करतो. आजोबांचा चेहरा नातवावर गेला आहे म्हणून आजोबांना दोष द्यावा, तसा हा न्याय असतो. त्यातही गंमत अशी की ज्या फुलीचा एवढा बोलबाला झाला त्या फुलीखाली शेवटी खजिना मिळतच नाही, कारण बेटावर तीन वर्षे एकटा सोडलेल्या बेन गन या खलाशाने तो आधीच उकरून आपल्या गुहेत नेऊन ठेवलेला असतो. म्हणजे नकाशांचे वेड जगाला लावणाऱ्या या पुस्तकाने आपल्यापुरता नकाशा निकामी ठरवला होता.

पुनर्वाचक सुशिक्षित असल्यामुळे त्याला लवकरच न्यायाधीशाच्या आसनावर बसावे लागते. कथेत स्त्रिया का नाहीत, हा त्याचा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. फक्त त्याचा निकाल १८८१ मध्येच लागला होता, कारण ब्रेमार या गावी पावसाने घरात कोंडून घातलेल्या दिवसांत ही गोष्ट रचली जात असताना लेखकाचा बारा-तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड ऑसबर्न याने ‘बायका नकोत’ अशी अटच घातली होती. तरीही एक बाई प्रत्यक्ष येतेच : कथानायक जिम हॉकिन्स याची आई. खाणावळीत मेलेल्या चाच्याची पेटी उघडलेली आहे, त्याचे साथीदार अंधारातून चालून येत आहेत, आणि ही बाई आपल्या थकलेल्या बिलाची रक्कम तेवढी मोजून घेण्याचा हट्ट धरते. एक दमडी जास्त नको आणि एक दमडी कमीही नको, शिवाय मोजायचे ते फक्त इंग्रजी गिनींत, कारण परकी नाण्यांचा हिशेब तिला येत नाही. या प्रसंगावरून वाचकमंडळांत सरळ दोन तट पडतात. मुलाचा जीव धोक्यात घालणारी आई म्हणून एक तट तिच्यावर तुटून पडतो, तर दुसरा, ज्यात निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा भरणा असतो, साऱ्या कादंबरीत दुसऱ्याच्या पैशाला अकारण हात न लावणारी हीच एक व्यक्ती आहे असे ठामपणे सांगतो. या दुसऱ्या तटाचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे, कारण जमीनदार ट्रेलॉनी, डॉक्टर लिव्हसी आणि खुद्द जिम हे सज्जन लोक लुटीचा माल शोधायला निघतात, मिळाल्यावर वाटून घेतात, आणि तो मूळचा कोणाचा होता हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडत नाही.

विज्ञाननिष्ठ पुनर्वाचक याहून किरकोळ बाबींत रमतो. बेटाच्या दलदलीचा कुजका वास घेऊन डॉक्टर लिव्हसी येथे हिवताप असणार असे भाकीत करतो, तेव्हा हिवताप डासांमुळे पसरतो हे त्याला कळायला हवे होते, असे हा गृहस्थ म्हणतो. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू १८९७ मध्ये पाहिले, म्हणजे पुस्तकानंतर चौदा वर्षांनी, हे त्याला सांगून उपयोग होत नसतो.

मराठी पुनर्वाचक ही या जातीतील स्वतंत्र आणि अधिक अभ्यासनीय शाखा होय. सिल्व्हरच्या पोपटिणीची कीर्ती ती ओरडत असलेल्या स्पॅनिश नाण्यांमुळे झाली (आठ रेआल किमतीचे हे चांदीचे नाणे त्या काळी अर्ध्या जगात चालत असे), परंतु मराठी वाचकाचे कान टवकारतात ते दुसऱ्याच ठिकाणी. मादागास्कर आणि मलबार पाहिलेली ही पोपटीण गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या जहाजावरील हल्ल्याच्या वेळी हजर होती, असे सिल्व्हर जिमला सांगतो. गोव्याचे नाव दिसताच मराठी पुनर्वाचक पुस्तक बाजूला ठेवतो, आणि पुढील तीन आठवडे कादंबरी वाचण्याऐवजी कादंबरीविषयी वाचतो. त्याला कळते ते असे की घटना खरी आहे : गोव्याचा मावळता व्हाइसरॉय, एरिसेराचा काउंट, मायदेशी परतत असता वादळात त्याच्या जहाजाच्या डोलकाठ्या मोडल्या, आणि १७२१ च्या एप्रिलमध्ये आजच्या रेयुनियाँ बेटापाशी टेलर आणि लव्हासर या चाच्यांनी ते जहाज अलगद ताब्यात घेतले. सिल्व्हर या पराक्रमाचे श्रेय एडवर्ड इंग्लंड या आपल्या जुन्या कप्तानाला देतो. त्या इंग्लंडला तर त्याच्याच खलाशांनी आधीच पदच्युत करून मॉरिशसवर सोडून दिले होते. अधिक खणले असता असेही आढळते की इंग्लंडच्या टोळीने १७२० मध्ये मुंबईकडे येणारे ‘कसँड्रा’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज पकडले, त्या वेळी त्याच्या कप्तानाची, म्हणजे पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेल्या जेम्स मॅक्रे याची, बाजू घेऊन त्याला वाचवणाऱ्या एका मिशाळ चाच्याचा उल्लेख कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने छापलेल्या जुन्या चाचे-चरित्रांत आहे, आणि त्या चाच्याला लाकडी पाय होता. कादंबरीत वर्षानुवर्षे न सापडलेला पाय अशा रीतीने इतिहासात सापडल्यावर पुनर्वाचकाला जो आनंद होतो तो खजिन्यापेक्षा कमी नसतो.

आनंदाच्या भरात तो गणित मांडतो. पुस्तकातील नकाशावर नोंदीची तारीख १७५४ ची आहे, सिल्व्हर स्वतःचे वय पन्नास सांगतो, तेव्हा कथा कितीही मागे ओढली तरी इंग्लंडच्या जहाजावर तो सोळा वर्षांहून मोठा असणे शक्य नाही, आणि तरीही इंग्लंडच्या नोकरीतून नऊशे पौंड शिल्लक टाकल्याचे तो सांगतो. हा शोध तो वाचकमंडळात जाहीर करतो. मंडळी कौतुक करतात, चहा घेतात, आणि सिल्व्हर खोटे बोलत असेल, ही शक्यता कोणी सुचवत नाही, जरी खोटे बोलणे हा त्या माणसाचा मुख्य व्यवसाय आहे.

१७२१ हे साल मात्र मराठी वाचकाला स्वस्थ बसू देत नाही, कारण त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली होती आणि ती फसली होती. स्वारीचे लक्ष्य होते सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे, ज्यांचे दस्तक म्हणजे परवाना न घेता जाणारी गलबते पकडली जात आणि ज्यांना कंपनीच्या कागदपत्रांत सर्रास चाचा म्हटलेले आहे. येथपासून पुढे हा वाचक कादंबरीतील प्रत्येक शिडामागे आंग्र्यांचे आरमार दिसेल या आशेने पाने उलटतो. ते दिसत नाही. त्याची निराशा समजण्यासारखी आहे, आणि त्याचा मुद्दाही चुकीचा नाही : कोणाच्या लुटीला कर म्हणायचे आणि कोणाच्या कराला लूट, हे त्या समुद्रावर बंदुकांच्या संख्येने ठरत होते, आणि ट्रेलॉनीसारख्या जमीनदाराने हे कधी मनात आणले नसावे. एवढेच की या मुद्द्यावर व्याख्यान देताना तो बहुधा ट्रेलॉनीचेच अनुकरण करतो, म्हणजे कोणालाही सांगणार नाही असे वचन देऊन साऱ्या ब्रिस्टल बंदराला बेत कळेल अशा बेताने बोलतो आणि ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांना तिचा शेवट ऐकवतो.

वस्तुतः प्रौढांनी या बालकथेत असे शिरणे नवे नाही. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ती १८८१-८२ मध्ये टोपणनावाने क्रमशः आली तेव्हा मुलांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि पुस्तक निघाल्यावर पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी ते रात्री जागून वाचले असे सांगितले जाते. त्याही आधी, ब्रेमारच्या त्या घरात, लेखकाचे दीपगृहे बांधणारे वडील टॉमस स्टीव्हन्सन, वय वर्षे त्रेसष्ट, रोज वाचून दाखवलेले प्रकरण ऐकत, आणि चाच्याच्या पेटीत कोणकोणत्या वस्तू असाव्यात याची यादी त्यांनी जवळजवळ एक दिवस खर्चून एका लिफाफ्याच्या पाठीवर तयार केली. मुलाने ती तशीच्या तशी वापरली. हे वडील या जातीचे आद्य पुरुष मानावे लागतात, मात्र त्यांनी आक्षेप घेतले नाहीत.

आजचा पुनर्वाचक आक्षेप घेतो, कारण त्याला एक गोष्ट झाकायची असते. लहानपणी तो जिम होता. सफरचंदांच्या पिंपात लपून त्याने कट ऐकला होता. या खेपेस पिंपाबाहेर बसलेल्या माणसाचे बोलणे त्याला अधिक पटते. पन्नास वर्षांचा हा गृहस्थ तरुण खलाशांना सांगत असतो की कमावणे सोपे, राखणे कठीण. आपण पैसा थोडा येथे, थोडा तेथे असा विभागून ठेवला आहे. खाणावळ विकून बायको रोकड घेऊन पुढे गेली आहे. आणि या सफरीनंतर आपण निवृत्त होऊन घोडागाडीतून फिरणार आहोत. सिल्व्हरचे बँकेत खाते आहे आणि त्याने शिलकीपेक्षा अधिक रक्कम कधीही उचललेली नाही, ही ग्वाही तर ट्रेलॉनीनेच पत्रात दिलेली असते. काळ्या ठिपक्याच्या प्रकरणात हे आकर्षण पूर्णत्वास जाते. काळा ठिपका म्हणजे कप्तानाला पदावरून दूर केल्याची, गोल कागद काळा करून दिलेली सूचना. चाचे तो कागद बायबलच्या पानातून कापतात, आणि सिल्व्हर त्यांना प्रथम नियमांची आठवण देतो, मग तक्रारी एकेक करून मांडायला लावतो, मग प्रत्येकीचे खंडन करतो, आणि अखेरीस तीच मंडळी त्याचा जयजयकार करतात. ज्याने गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत अविश्वासाचा ठराव परतवला आहे किंवा परतवता आलेला नाही, अशा कोणत्याही मनुष्याला हे प्रकरण कोरड्या नजरेने वाचता येत नाही.

सिल्व्हरने टॉम नावाच्या निष्ठावंत खलाशाच्या पाठीत कुबडी फेकून नंतर त्याला सुऱ्याने भोसकले, ते पान पुनर्वाचक जरा वेगाने उलटतो. शेवटी तीनचारशे गिनींची थैली घेऊन सिल्व्हर होडीतून निसटतो तेव्हा पुनर्वाचकाला सुटल्यासारखे वाटते, परंतु मंडळात तो ‘लेखकाने खलनायकाला शिक्षा देण्याचे टाळले’ असे तटस्थ स्वरात म्हणतो आणि चर्चा तत्परतेने दुसरीकडे वळवतो. त्याचा खरा राग बेन गनवर असतो. तीन वर्षे निर्जन बेटावर चीजच्या तुकड्यासाठी झुरलेल्या या माणसाला वाट्याचे हजार पौंड मिळतात आणि ते एकोणीस दिवसांत उडवून तो विसाव्या दिवशी भीक मागत परत येतो. खून, बंड, विश्वासघात या सर्वांना पुनर्वाचकाने परिस्थितीचा फायदा दिलेला असतो. हजार पौंडांपैकी निदान निम्मी रक्कम मुदत ठेवीत का ठेवली नाही, या एका प्रश्नावर मात्र तो सभा संपल्यानंतरही, जिना उतरताना, बोलतच राहतो.